बचनागाचं धुवण

माझ्या नवऱ्याचा उजवा हात दगडी डोणीवर धरून कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्यामागच्या बोथट अंगानं, ठेचला, तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. डोण म्हणजे जनावरांना पाणी पाजायची कुंडी. दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर हे झालं. मी एक वाक्य बोलले असते तर कदाचित तो हात वाचला असता. ते वाक्य मी बोलले नाही. आता वय झालंय, त्या वेळची माणसं फारशी उरली नाहीत, म्हणून लिहून ठेवते. कुणी माफ करावं म्हणून नव्हे. माफ करणाऱ्या माणसांचा मला आधीपासूनच राग येतो.

नवऱ्याला मी आयुष्यभर 'हे' म्हटलं, इथंही तेच म्हणते. हे पलटणीत होते. चीनच्या लढाईत बर्फात सापडले, कैद झाले, आणि काही महिन्यांनी सुटून आले ते डाव्या पायाची दोन बोटं तिकडंच ठेवून. येताना मात्र एक विद्या घेऊन आले. कैद्यांच्या छावणीत एक म्हातारा चिनी वैद्य होता. यांचे हातपाय गार पडले होते, नाडी लागत नव्हती, आज जातो का उद्या अशी गत. त्या म्हाताऱ्यानं तीन मुळ्यांचा काळा काढा पाजून यांना उठवून बसवलं. मग हे त्याच्या पाठीच लागले. हिंदी येणारा एक दुभाषी होता, त्याच्याकडून विचारून विचारून शिकले. "शत्रूकडनं शिकायची लाज न्हाय वाटली का?" असं मी लग्नानंतर एकदा विचारलं. म्हणाले, "गावात मला कुणी शिकवलं असतं का?"

आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले. देव गेले, गाव मात्र होतं तिथंच राहिलं. जळकोटच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला.

हे परत आले तेव्हा गावानं त्यांना 'चिन्या' नाव ठेवलं. वाटेनं जाताना पोरं त्यांना जीभ काढून दाखवायची, कारण हे जीभ बघून रोग ओळखतात असं गावभर झालं होतं. आणि हे खरंच थांबून बघायचे. "तुला जंत झाल्यात, आईला सांग," असं गंभीरपणे सांगून पुढं जायचे. पोरगं रडत घरी. हसायला मला तेवढंच साधन होतं.

यांच्या हिशेबी रोग मुळात दोनच, एक गार आणि एक गरम. बाकीची सगळी त्या दोघांची पोरंबाळं. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं टेकून हे नाडी बघायचे, हलकी दाबून, मग जोरात दाबून, डोळे मिटून, इतका वेळ की माणसाला वाटावं यांना झोप लागली. औषधात चार हुद्दे असतात म्हणायचे. त्या म्हाताऱ्यानं राजा, प्रधान असं काहीतरी सांगितलं होतं, यांनी त्याचं गावचं करून टाकलं. एक मुळी पाटील, ती रोगाशी लढते. एक कुलकर्णी, ती पाटलाला मदत करते. एक चौगुला, तो पाटील जास्त माजला तर त्याला आवरतो. आणि एक येसकर, म्हणजे गावची वेस राखणारा, ते काम आमच्याच लोकांचं; तो सगळ्यांना दुखऱ्या जागेपर्यंत वाट दाखवत नेतो. "बघ," मला म्हणायचे, "चिन्याच्या औषधातबी येसकर हाय." मी म्हणायचे, "मग तिथंबी त्याला उष्टीच भाकर मिळत असंल." हे हसायचे. मला हसू यायचं नाही.

आणखी एक गोष्ट त्या म्हाताऱ्यानं घोटून घेतली होती. औषध देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. माणूस बघायचा, त्याची जागा बघायची आणि ऋतू बघायचा. तीच मुळी एकाला अमृत, दुसऱ्याला विष.

गावातले लोक हसत हसत का होईना, येऊ लागले. वस्तीच्या तोंडाशी एक दगड होता, त्यावर बसून लांबूनच जीभ दाखवायचे. नाडी दाखवायची तर शिवावं लागायचं, म्हणून नाडी दाखवून घरी गेल्यावर आंघोळ करायचे. आमच्या घरात उकळलेला काढा कुणी पीत नसे. पाणी आमचं ना! म्हणून हे कोरड्या पुड्या बांधून द्यायचे आणि कसं उकळायचं ते तोंडी सांगायचे. तीन वाट्यांची एक वाटी करा, दुसऱ्यांदा त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घाला. मी म्हणायचे, यांच्या पायांच्या बोटांसारखी यांची लाजही तिकडंच गळून पडलीय. हे म्हणायचे, "दुखतंय ते दुखतंय. दुखण्याला कुठली आली जात?" असलं बोलणं ऐकलं की माझं डोकं भणभणायचं. दुखण्याला जात नसेल, पण आंघोळीला होती ना.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आंघोळीला पाणी राहिलं नाही, तेव्हा लोक नाडी दाखवून घरी गेल्यावर नुसती चूळ भरू लागले.

त्या वर्षी मी मोठ्या पाटलांच्या गोठ्यात शेण काढायला जायचे. गावातल्या दोन्ही विहिरी आटलेल्या, पाटलांच्या विहिरीत तेवढं गुडघाभर गढूळ पाणी. आम्ही नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं भरायचो. त्या दिवसांत पाणी कुणी टाकत नसे. बाजेवर बसून आंघोळ करायची, खाली परात ठेवायची, त्या पाण्यात धुणं धुवायचं, आणि ते जनावर पीत असेल तर त्याच्यापुढं ठेवायचं. डाळीतांदळाचं धुवण तर जनावराला हक्काचंच. पाणी जमिनीवर ओतणारी बाई दिसली असती तर तिला नवऱ्यानं झोडपली असती, आणि गावानं बरंच केलं म्हटलं असतं.

त्या सालच्या थंडीत मोठ्या पाटलांचे पाय गार पडले. मांडीपासून खाली दगड झाल्यासारखे. हाडांत कळा. साध्या पुड्यांनी भागेना. यांनी नाडी बघितली आणि म्हणाले, आता खरा पाटील बोलवावा लागतो. म्हणजे बचनाग. छावणीत यांना ज्यानं उठवलं ती हीच जात. सोबत सुंठ आणि जेष्ठमध.

बचनाग म्हणजे जहर. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, दिसायला एखाद्या वाळक्या शेंगेसारखा निरुपद्रवी. त्याला आधी सात दिवस पाण्यात ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, मग दिवसभर उकळायचा. मग मधोमध कापून तो काप जिभेला लावायचा. जीभ बधिर झाली की पुन्हा उकळायचा. घरी हे स्वतःच्या जिभेला लावून बघायचे, आणि तेवढा वेळ मी चुलीपुढं श्वास धरून बसायचे. पण पाटलांच्या घरात आमच्या पाण्यात भिजलेलं मूळ चालणार नव्हतं. भिजवायचं त्यांच्या पाण्यात, त्यांच्या बाईच्या हातानं.

हे अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि मोठ्या पाटलांच्या सुनेला नीट सांगितलं; गाव तिलाच पाटलीणबाई म्हणायचं. मी गोठ्यातून ऐकत होते.

"बाईसाब, सात दिस पाणी बदला. काढल्यालं पाणी जहर असतंय. लांब खड्ड्यात टाका, वर माती लोटा. हात राखंनं घासून धुवा."

"बरं, बरं," पाटलीणबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला परसात बोलावलं. तांब्याचं घंगाळ भरलं होतं. तीन दिवसांचं काढलेलं पाणी त्यांनी त्यात साठवून ठेवलं होतं.

"हे तुज्या बादलीत ओतते. बैलाला न्हे. कालपसनं तहानल्यालं हाय जनावर."

मला वाटलं त्या विसरल्या. मी म्हणाले, "बाईसाब, ते टाकायचं सांगितलंय की. जहर हाय त्यात."

"माणसाला औशद आन् जनावराला जहर? कुणीकडचं ग्यान हे? धुवणच हाय ते."

"मूळ शिजल्यावर औशद व्हतंय. धुवण टाकायचंच असतंय. ह्यांनी तुमच्या म्होरं सांगितलं."

"घंगाळभर पाणी टाकू?" त्यांचा आवाज चढला. "तुज्या बापानं हीर खांदून ठिवलीया का माज्यासाठी? आता तुमी आमाला शिकवणार, पाणी कुटं टाकायचं ते?"

आणि हातातली लोखंडी फुकणी फेकून मारली. भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं. मी तशीच उभी राहिले. त्यांनी घंगाळ उचललं आणि माझी बादली शिवू नये म्हणून वरून ओतलं. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

परसापासून गोठ्यापर्यंत साठेक पावलं असतील. वाटेत उकिरडा होता. तिथं बादली उपडी करून पुढं गेले असते तर कुणाला कळलं नसतं. मी उकिरड्याजवळ थांबलेही. एका डोळ्यानं दिसत होतं, दुसरा रक्तानं मिटला होता. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी लपवणार नाही. मला त्या बाईला मारायचं होतं. ते माझ्यानं होणार नव्हतं. पण तिच्या नवऱ्याचा, धाकट्या पाटलाचा, जीव त्या खिलार बैलात होता. माणसं रेशनच्या लाल ज्वारीवर जगत होती आणि त्या बैलाला कडबा मिळत होता. मी चुकून नाही पाजलं. भीतीनं नाही पाजलं. मला माहीत होतं, आणि मी पाजलं.

तो बैल माझा हात चाटायचा. मिठाचा हात असला की सोडायचाच नाही. त्या दिवशीही त्यानं आधी माझ्या हाताला जीभ लावली आणि मग बादलीत तोंड घातलं. एका दमात प्यायला.

दिवस कासराभर वर आला तोवर त्याच्या तोंडातून लाळ सुटली. मग मागचे पाय फाकले. पोटाखाली कुणी काही ओढल्यासारखा तो खाली बसला, उठला, पुन्हा पडला, आणि शिंगं जमिनीवर आपटू लागला. एक शिंग मुळातून हललं, रक्त आलं. ओरडला नाही. बैल ओरडेल असं मला वाटलं होतं. दावं तुटेस्तोवर ताणून त्यानं माझ्याकडं बघितलं, निदान मला तसं वाटलं. मी पाटी टाकून गोठ्याबाहेर पळाले.

गाव गोळा झालं. धाकटे पाटील शेतातून धावत आले. "काय पाजलं?" म्हणून बायकोचा दंड पिरगाळला. त्या बाईचा चेहरा मी पाहिला. नवरा आपल्याला जिवंत सोडत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं होतं. ती म्हणाली, "चिन्यानंच सांगितलं, मुळ्यांचं धुवण जनावराला चालतंय म्हणून."

बादली कुणी नेली, हे कुणीच विचारलं नाही. माझ्या कपाळावरचं रक्तही कुणाला दिसलं नाही. शेण काढणाऱ्या बाईला कोण बघतो?

तेवढ्यात हे आले. बैलाला काहीतरी झालंय असं वस्तीत कळलं होतं. काय झालं असेल ते ओळखून हे जेष्ठमधाचा काढा मडक्यात घेऊन लंगडत धावत आले होते, बैलाला पाजायला, विष मवाळ करायला. धाकट्या पाटलांनी ते मडकं लाथेनं फोडलं.

"अजून पाजायला आलास व्हय रे?"

पहिली काठी पाठीत बसली. मग मोजता येणार नाहीत इतक्या. लोक म्हणत होते, ह्यांचा जुनाच धंदा हाय, जनावराला इख घालायचं आन् कातडं न्यायचं. हा आळ आमच्यावर पिढ्यान्‌पिढ्या होता. माझ्या आजोबाला याच आळापायी बाभळीला बांधून मारलं होतं, आणि त्यानं मुंगीसुद्धा मारली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या खोटं असलेलं ते मी त्या सकाळी खरं करून ठेवलं होतं. यांना मारणाऱ्या प्रत्येक माणसाला वाटत होतं आपण न्याय करतोय.

"म्या सांगितलं व्हतं, टाका म्हणून," हे ओरडत होते. "बाईसाब, सांगा की! म्या टाका म्हणलं व्हतं!"

पाटलीणबाई खाली बघत होत्या. मीही. "खरं हाय, यांनी टाकाच सांगितलं होतं, मी बाईंना आठवणही करून दिली होती," एवढंच मला म्हणायचं होतं. पण पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. तुला ठावं व्हतं, तर पाजलंस का? त्याचं उत्तर दिलं असतं तर माझे तुकडे केले असते. मी घाबरले. याला दुसरा शब्द नाही. जिनं साठ पावलं चालताना भीती मानली नाही, ती तिथं पदर तोंडात कोंबून उभी राहिली.

मोठे पाटील ओसरीवर बाजेवर होते. ते काहीच बोलले नाहीत. मग धाकट्या पाटलांनी यांना डोणीपाशी ओढलं, दोघांनी मनगट धरलं. "नाडी बघतूस न्हवं?" म्हणाले आणि तुंबा उचलला. पहिला घाव, दुसरा घाव. हाडाचा आवाज मी ऐकला. तिसऱ्या घावाच्या आधी मी डोळे मिटले.

आम्ही तक्रार केली नाही. यांनीच नको म्हटलं. हात सांधला, पण नाडीची तिन्ही बोटं वाकडीच जुळली आणि त्यांतली जाणीव गेली. चुलीतला निखारा लागला तरी कळायचं नाही, कातडं जळाल्याचा वास मला आधी यायचा.

आठ दिवसांनी मोठ्या पाटलांचा गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. "मालक इचारत्यात, ऱ्हायलेल्या मुळ्या आता उकळल्या तर चालतील का? पाय लई गार पडल्यात." मी हातात आलेला दगड उचलला. यांनी माझा हात धरला आणि आतूनच त्या गड्याला सांगितलं, "उकळू नका म्हणावं. गाडून टाका."

हे रागावलेच नाहीत. मला वाटलं होतं शिव्या देतील, सूड घेईन म्हणतील. पण यांनी भलताच निवाडा केला. "चूक माजीच," म्हणायचे. "म्हाताऱ्यानं सांगितलं व्हतं, जागा बघ, ऋतू बघ. म्या नुसती नाडी बघितली. दुष्काळात कोण पाणी टाकणार? म्या त्या घरात जहर ठिवलं. बैल म्याच मारला." बाकीच्या मुळ्या, पुड्या सगळं खड्ड्यात पुरलं. हे ऐकताना मी भाकरी थापत असायचे. माझे हात थांबायचे नाहीत.

गाव सोडलं. दुष्काळी कामावर खडी फोडली, हे डाव्या हातानं हातोडा मारायचे. पुढं ढोकीकडं आलो आणि माजी सैनिक म्हणून एका कारखान्यावर यांना वॉचमनचं काम मिळालं. उसाच्या बैलगाड्या रांगेनं यायच्या, हे गेटवर उभे राहायचे, आणि एखादा बैल गाडी ओढताना गुडघ्यावर आला की हे आत खोलीत जाऊन बसायचे. ऊसतोड कामगारांत कुणाचे हातपाय गार पडले, कुणाचं पोट गेलं, तर लोक यांना जुनी विद्या विचारायचे. हे म्हणायचे, "दवाखान्यात न्या. मला काय बी येत न्हाय."

तिथल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना व्हायची. पंचशील म्हणताना हे पहिल्या ओळीला गप्प राहायचे. जीव घेणार नाही, ती पहिली ओळ. दुसऱ्या ओळीपासून यांचा आवाज सुरू व्हायचा. शेजारी बसून मी पहिली ओळ मोठ्यानं म्हणायचे, न म्हणावी तर लोक बघतील म्हणून. वर्षानुवर्षं असं चाललं. खोटं बोलायची सवय होते, हे खरं नाही. दर पौर्णिमेला माझी जीभ जड व्हायची.

एकदा विहाराच्या मंडळींनी यांना वंदना पुढं राहून म्हणायला सांगितली. वयानं मोठे, पलटणीतले, मान म्हणून. हे नाही म्हणाले. का, तर, "माज्या हातनं जीव गेलाय. म्या पुढं बसणं बरं न्हाय."

त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर यांना जेवायला वाढलं आणि सगळं सांगितलं. घंगाळ, फुकणी, उकिरडा, सगळं. काही मऊ करून सांगितलं नाही.

हे जेवायचे थांबले.

"म्हंजी बाईला तू सांगितलं व्हतंस, टाका म्हणून?"

"व्हय."

"आन् मग तूच पाजलंस."

"व्हय."

"ठावं असून."

"व्हय. मारा मला. पायजे तर हाणा, म्या काय बी म्हणणार न्हाय."

मला खरंच मार हवा होता. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. यांनी हात उचलला नाही. हाताबद्दल, काठ्यांबद्दल, मी गप्प उभी राहिले त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाले, "बैलानं तुजं काय केलं व्हतं?" मग ताटातलं सगळं खाल्लं, कारण यांनी अन्न कधी टाकलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला यांनी पहिली ओळ म्हटली. आवाज मोठा, मोकळा, तरण्या माणसासारखा. मी गप्प होते. मला वाटलं, चला, फिटलं.

मग आठ-दहा दिवसांनी माझ्या लक्षात आलं. हे मी केलेलं जेवायचे, भाजी चांगली झाली तर तसं म्हणायचे. पण पाण्याचा तांब्या मी पुढं ठेवला की तो तसाच राहायचा. हे उठायचे, वाकड्या हातानं रांजणावरचं झाकण काढायचे, आपलं पाणी आपण घ्यायचे आणि पिण्याआधी एक क्षण त्यात बघायचे. मरेपर्यंत असंच चाललं. राग असता तर मी समजू शकले असते, रागाशी माझी ओळख जुनी आहे. पण तो राग नव्हता. त्यांना माझी भीती वाटत होती.